कॉलेजच्या अर्जातला निबंध: मोठं काही घडलेलंच नसेल तर लिहायचं काय?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी कोल्हापुरात बारावी सायन्सला आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत अर्ज करायचाय, जोडीला भारतातलं अशोका विद्यापीठ. मार्क चांगले आहेत, पण निबंधापाशी गाडी अडली आहे. घर साधं, उद्यमनगरात वडिलांचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप. राष्ट्रीय पातळीवरचं बक्षीस नाही, एनजीओ नाही. पुण्यातले एक कन्सल्टंट पैसे घेऊन निबंध लिहून देतो म्हणतात. द्यावेत का? एकच निबंध सगळीकडे चालतो का? आणि मुळात लिहावं काय?

ताई, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. लिहून घेऊ नका. आणि एकच निबंध सगळीकडे चालत नाही.

चालत नाही, कारण दोन्ही देशांत वाचणारा वेगळा आणि तो शोधतो ते वेगळं. अमेरिकेतली शेकडो विद्यापीठं कॉमन ॲप या एकाच सामायिक ऑनलाइन अर्जावरून अर्ज घेतात. तिथला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. सात विषय दिलेले असतात आणि त्यातला सातवा चक्क 'तुम्हाला हवा तो विषय' असा आहे. त्यांना पोरगी कोण आहे, कसा विचार करते, हे बघायचं असतं. शिवाय बरीच विद्यापीठं 'आमच्याकडेच का?' असे स्वतःचे छोटे प्रश्न वेगळे विचारतात. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅम्पस असलेली कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी तर कॉमन ॲपवर नाहीच. तिचा अर्ज स्वतंत्र, आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द.

ब्रिटनमध्ये सगळे अर्ज यूकॅस या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २०२६च्या प्रवेशापासून त्यांनी जुनं सलग पर्सनल स्टेटमेंट (स्वतःबद्दलचं निवेदन) बंद करून तीन प्रश्न आणलेत: हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा काय उपयोग. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. हाच मजकूर अर्जात निवडलेल्या पाचही पर्यायांना जातो, म्हणून त्यात कुठल्याही एका विद्यापीठाचं नाव घालायचं नाही. वाचणारा बऱ्याचदा त्या विषयाचा प्राध्यापकच असतो. त्याला आजीच्या आठवणींशी देणंघेणं नसतं. पोरीला मेकॅनिकल करायचं असेल तर मेकॅनिकलबद्दल ती अभ्यासक्रमाबाहेर काय वाचते, काय उघडून बघते, कुठे अडते, एवढंच. अशोका किंवा फ्लेमसारख्या आपल्याकडच्या खाजगी विद्यापीठांना जे लेखन लागतं ते साधारण अमेरिकन वळणाचं असतं. सीईटी, जेईई, नीटच्या रस्त्याने जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही.

आता मूळ प्रश्न, लिहायचं काय.

मी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडच्या मुलांचे मसुदे बरीच वर्षं वाचतोय. आपल्याकडच्या मसुद्यांची सुरुवात ओळखीची असते. पहिला परिच्छेद राजर्षी शाहूंच्या नगरीचा. १९०२चं आरक्षण, १९१७चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश, मग करवीरनिवासिनी, मग कुस्ती, मग तांबडा-पांढरा. शाहू महाराजांबद्दलचा आदर आपल्या जागी. पण ६५० शब्दांतले दीडशे शब्द पोरीने विकिपीडियाला दिले, आणि तिच्याबद्दल वाचणाऱ्याला अजून एक अक्षर कळलेलं नाही. हा परिच्छेद मी न वाचता खोडतो. तो खोडल्यावर निबंधाचं कधीच काही बिघडत नाही. अपवाद एकच. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या एखाद्या बोर्डिंगात मुलगा स्वतः राहत असेल, मेसचा हिशोब सांभाळत असेल, गावाकडून आलेल्या नव्या पोरांची रडारड रात्री त्यालाच निस्तरावी लागत असेल, तर शाहू महाराज त्या निबंधात आपोआप येतात. सालं लिहावी लागत नाहीत.

दुसरा ठरलेला विषय अलीकडचा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, इथे गदारोळ झाला, आणि तेव्हापासून मसुद्यांत चप्पल शिरली. घरात चामड्याचं काम असेल, वादी ओवायला बसलेल्या आईशेजारी बसून मुलाने अभ्यास केला असेल, तर जरूर लिहावं. ज्याचा चपलेशी संबंध फक्त पायापुरता, त्याने लिहिलेला निबंध म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण.

तिसरा विषय महापूर. हा मात्र सोडून द्यायचा विषय नाही, कारण इथल्या मुलांनी तो खरोखर बघितलाय. म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो.

एका मुलीचा पहिला मसुदा असा होता. होता इंग्रजीत, मी मराठीत देतो: '२०१९च्या महापुराने मला माणुसकीचा खरा अर्थ शिकवला. जात-धर्म विसरून सारे एकत्र आले. अनोळखी माणसं एकमेकांचा आधार झाली. त्या दिवशी मी ठरवलं की आपणही समाजासाठी काहीतरी करायचं.' यात खोटं काहीच नाही. अडचण अशी की हाच परिच्छेद शिरोळचा मुलगा लिहील, सांगलीची मुलगी लिहील, केरळातलं कुणीही लिहील. दहावीच्या 'मी पाहिलेला महापूर' या निबंधाला याच वाक्यांवर मार्क मिळतात, म्हणून ती हाताला बसलेली असतात.

मी तिला विचारलं, पाणी चढत होतं तेव्हा तू नेमकं काय करत होतीस? ती म्हणाली, आकडे लिहीत होते.

आता कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात घराघरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, ही लहान पोरांनाही पाठ असते. ही मुलगी ते आकडे शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर वेळेसकट लिहायची. २०२१ला पुन्हा पूर आला तेव्हा तिने शेजारी एक रकाना वाढवला: राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडे. दरवाजे एकूण सात, एका दरवाज्यातून साधारण १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे बातम्यांत येतच असतं. पुढच्या पावसाळ्यांतही तिने वही सोडली नाही. आणि तिच्या लक्षात आलं की दरवाजे बंद असतानाही काही दिवस इथलं पाणी चढतंय. का? तर राधानगरीचं पाणी येतं भोगावतीतून, आणि पंचगंगेत भोगावतीबरोबर कासारी, कुंभी, तुळशीही मिळतात. पन्हाळा-शाहूवाडीकडे पाऊस धो धो पडत असेल तर राधानगरी गप्प बसून उपयोग नाही. यावरून तिची गल्लीतल्या एका काकांशी दरवर्षी वादावादी होते म्हणे. काकांचं म्हणणं ठाम: राधानगरीनेच बुडवलं.

मी म्हटलं, हाच तुझा निबंध. नव्या मसुद्याची सुरुवात अशी झाली: 'आमच्या गल्लीत पूर आला की सगळे धरणाला शिव्या देतात. माझ्या वहीप्रमाणे ते अर्धंच बरोबर आहे.' पुढे वही, रकाने, काका, वहीत तिलाच न सुटलेल्या दोन तारखा, आणि पावसाचे आकडे तालुक्याप्रमाणे मिळवायला कुठे कुठे फोन केले ते. 'माणुसकी' हा शब्द कुठेही नाही. शेवटी कसलाही संकल्प नाही. तरीही वाचून संपल्यावर मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते: चिकाटीची, थोडी भांडखोर, आपल्याला उत्तर माहीत नाही हे कबूल करणारी. तिला पुढे प्रवेश मिळाला, पण तो निबंधामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही. मार्क, शिफारसपत्रं, आर्थिक मदतीची मागणी हे सगळं एकत्र तोललं जातं आणि बाहेरच्याला त्यातलं काही दिसत नाही. जो कन्सल्टंट 'आमच्या निबंधावर ॲडमिशन झाली' म्हणतो, तो थाप मारतोय एवढं समजा.

विषय शोधायची माझी कसोटी यावरूनच आहे. 'तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग कोणता' हे मी विचारत नाही. सतरा वर्षांच्या पोराला असा प्रसंग नसतो, आणि असला तर तो बहुधा इतका दुखरा असतो की परक्यापुढे मांडायचा की नाही हे त्याचं त्यानेच ठरवावं. मी विचारतो, चारचौघं बोलत असताना कुठल्या विषयावर तुला 'ओ, तसं नसतंय ते' असं म्हणावंसं वाटतं? जिथे पोर दुसऱ्याची चूक काढू शकतं, तिथे त्याने काहीतरी स्वतः बघितलेलं असतं. तालमीतल्या खुराकाबद्दल असो, म्हशीच्या धारेबद्दल असो, पेठेतल्या फुटबॉल मॅचमध्ये भांडण नेमकं कुठून सुरू होतं याबद्दल असो. विषय कितीही बारका चालतो.

तुमच्या घरी तर वर्कशॉप आहे. ताई, तुम्ही 'साधं' म्हणता, मला तिथे निबंधांची खाण दिसते. लेकीला शांतपणे विचारा. ती बिलं, चलनं (माल पाठवल्याच्या पावत्या) करते का? शिरोलीच्या फौंड्रीतून आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) वरून ठणठणीत दिसतं, लेथवर चढवून दोन कट घेतले की आत ब्लोहोल, म्हणजे पोकळी, निघतो. मग रिजेक्शन कुणाच्या खात्यावर? माल फौंड्रीचा, पण टर्निंगचा वेळ, टूल, वीज तुमची. तो वाद फोनवर कसा मिटतो, कुठलं गिऱ्हाईक ऐकतं, कुठलं पुढचं बिल अडवून धरतं, हे तिने जेवताना हजारदा ऐकलं असेल. पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं असं तिच्या वडिलांचं म्हणणं असेल तर ते खरं आहे का, हे तिने जुन्या चलनांवरून कधी मोजून बघितलंय का? साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की वितळलेल्या धातूच्या उष्णतेने तिची वाफ होते आणि ती आत अडकून पोकळी राहते, हे पुस्तकातलं कारण. तिच्या चलनांत ते दिसतं की नाही, हे तिचं काम. ब्रिटनसाठी मेकॅनिकल किंवा मटेरियल्स मागायचं असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेसाठी हीच गोष्ट वडिलांच्या आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्याच्या अंगाने लिहिता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्कशॉपवर लिहायचं म्हटलं की मुलं 'बाबांचे कष्ट' लिहितात. पहाटे उठणारे बाबा, हाताला घट्टे पडलेले बाबा, आणि शेवटी 'मला त्यांचं पांग फेडायचंय'. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी येतं, पण प्रवेश बाबांना द्यायचा नाहीये. वडील दोन परिच्छेद असावेत, पण त्यातही बघणारी, मोजणारी, प्रश्न विचारणारी लेक दिसली पाहिजे.

एनजीओ नाही म्हणून खंत करू नका. कॉमन ॲपमध्ये निबंधाशिवाय उपक्रमांची यादी असते, जास्तीत जास्त दहा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तिथे 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा प्रकारच वेगळा दिलेला आहे. धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, आजोबांना डायलिसिसला नेणं, वर्कशॉपची चलनं लिहिणं हे सगळं तिथे मोजलं जातं, आठवड्याला किती तास ते लिहायचं. आपली मुलं हे लिहायला लाजतात आणि सुट्टीत दोन दिवस वाटलेल्या वह्यांना 'सामाजिक कार्य' म्हणतात. वाचणाऱ्याने असल्या वह्या भरपूर बघितलेल्या असतात.

ठरलेल्या वाक्यांचा धोका किती खरा आहे याचा एक जुना किस्सा. यूकॅसने २००७च्या सुमारास हजारो स्टेटमेंट एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात २३४ जणांनी लिहिलं होतं की आठव्या वर्षी केमिस्ट्रीचा संच मिळाला, प्रयोग करताना पायजमा जळून भोक पडलं आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली. एकच पायजमा, २३४ पोरं! सगळ्यांनी इंटरनेटवरच्या एकाच नमुन्यावरून उचललं होतं. आजही यूकॅसकडे येणारं प्रत्येक स्टेटमेंट साम्य तपासणीतून जातं.

म्हणून कन्सल्टंटला पैसे देऊन निबंध लिहून घेऊ नका म्हणतो. पकडलं जाण्याची भीती एक. दुसरं म्हणजे त्याच्याकडे तुमच्या लेकीबद्दल माहिती नसते, मग तो तिच्या नावावर ओळखीचा पायजमाच चढवतो. चॅटजीपीटीचंही तेच. कॉमन ॲपच्या गैरप्रकाराच्या नियमांत एआयने तयार केलेला मुख्य मजकूर स्वतःचा म्हणून देणं स्पष्टपणे बसतं, आणि यूकॅसही ते फसवणुकीत धरू शकतं. सही पोरीची असते, एजन्सीची नाही. पैसे द्यायचेच असतील तर कॉलेजांची यादी, आर्थिक मदतीचे फॉर्म, व्हिसा अशा कामांना द्या. तिथे जाणकार माणूस खरंच उपयोगी पडतो.

इंग्रजीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण काळजी तीच असणार. साधं इंग्रजी चालतं. चुकीचं नको, पण साधं चालतं. मुलं डिक्शनरीतून जड शब्द आणून बसवतात, ते लग्नात भाड्याने आणलेल्या कोटासारखे कळतात, खांदे कुणाचे तरी वेगळेच. माझी पद्धत अशी: आधी पोरीने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून मैत्रिणीला ती गोष्ट मराठीत सांगायची, घरात बोलते तशीच. मग ते ऐकायचं आणि मैत्रिणीने जिथे मध्येच 'म्हणजे काय गं?' विचारलं त्या जागा टिपायच्या. निबंध तिथूनच सुरू होतो बऱ्याचदा. मग रेकॉर्डिंग बाजूला ठेवून इंग्रजीत पहिल्यापासून लिहायचं. मराठी वाक्यांचं भाषांतर करत बसलं तर कसला तरी सरकारी अनुवाद तयार होतो.

पहिला मसुदा हजार-बाराशे शब्दांचा होऊ द्या. कापताना आधी पहिला परिच्छेद उडवून बघायचा, मग शेवटचा. पहिल्यात प्रस्तावना असते आणि शेवटच्यात भाषण.

वाचायला दोघांनाच द्या. एक तिला ओळखणारं, जे सांगेल की 'हे तूच बोलतेस की नाही'. दुसरं तिला न ओळखणारं पण इंग्रजी बरं असलेलं, जे सांगेल कुठे कळलं नाही. मामा, आत्या, क्लासचे सर, अमेरिकेतला चुलतभाऊ अशा सगळ्यांना पाठवलं की प्रत्येक जण एक वाक्य आपलं घालतो आणि पोरगी त्यातून नाहीशी होते. आणि ताई, आई-वडिलांनी शक्यतो शेवटचा मसुदाच वाचावा. घरातली एखादी गोष्ट त्यात आलेली बघून 'हे कशाला लिहिलंस' म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. खरोखर खाजगी असेल तर गोष्ट वेगळी.

शिफारसपत्रांकडे मात्र निबंधाइतकंच लक्ष द्या. आपल्याकडे अकरावी-बारावीची पोरं कॉलेजात कमी आणि क्लासमध्ये जास्त असतात, त्यामुळे कॉलेजच्या शिक्षकांना ती धड माहीतच नसतात. मग पत्र येतं: 'विद्यार्थिनी हुशार, नम्र व होतकरू आहे.' हजेरीला जा, प्रॅक्टिकलला प्रश्न विचारा, आणि पत्र मागताना सरांना एक पानभर टिपण द्या: कुठला प्रयोग फसला होता, कशावर चर्चा झाली होती, पुढे काय शिकायचंय. दिवाळीच्या सुट्टीआधी मागा, सुट्टीत सर गावी जातात.

तारखांचं सांगायचं तर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलसाठी यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत. वेळ ब्रिटनची संध्याकाळी सहा. म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, जानेवारीत साडेअकरा. अमेरिकेत लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे दोन्ही देशांचे मुख्य मसुदे गणपती ते दसरा या काळात पक्के झालेच पाहिजेत. फी ऑनलाइन भरायची असते आणि आपल्या डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमधून ते आधीच चालू करून ठेवा. आर्थिक अडचण असेल तर कॉमन ॲपवर फी माफीची विनंतीही करता येते, काही विद्यापीठं परदेशी मुलांनाही ती देतात, काही देत नाहीत. प्रत्येकाच्या साइटवर तपासून बघावं लागेल.